गावच्या कबड्डीपटूचं रंगवलेलं कार्ड

मी यवतमाळकडचा पेंटर. दुकानाच्या पाट्या न तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवतो. पुतण्यानं मोबाइलवर टॉप्स या अमेरिकन कंपनीची १९५३ची बेसबॉल खेळाडूंची कार्डं दाखवली. फोटो नाही, रंगवलेले चेहरे! नजर हटेना.

तसं करायचं तर अडीच बाय साडेतीन इंच जाड ड्रॉइंग पेपर घ्या. लग्नपत्रिकेचा गुळगुळीत कागद नको, रंग धरत नाही. फोटो पाहून पेन्सिलनं हलकं काढा. पोस्टर कलरनं आधी कातडीचा मधला रंग, तो वाळला की हनुवटीखालची सावली, मग कपाळावरचा उजेड. डोळ्यातला पांढरा ठिपका शेवटी, शून्य नंबरच्या ब्रशनं, श्वास रोखून. माझा जरासा सरकला न आमचा चढाईवाला तिरळा झाला. अजून बोलत नाही तो.

चेहऱ्यामागं तुरीचं वावर काढा, फुलावर आलेलं. सामना उन्हाळ्यात झाला असला तरी चालते.