ॲम्प्लिफायरला मोटरवाला व्हॉल्यूम आणि रिमोट बसवताय? या चुका टाळा

चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर घरात आहे, आवाजाबद्दल तक्रार नाही, फक्त तो कमी-जास्त करायला दर वेळी उठावं लागतं. यावर मोटर लावलेला व्हॉल्यूम पॉट (नॉबमागचा, फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टर) हा उपाय मला अजूनही सर्वांत सभ्य वाटतो. नॉब हातानेही फिरतो आणि रिमोटनेही. वीज जाऊन आली तरी आवाज होता तिथेच राहतो. पीजीए२३११ सारखी डिजिटल व्हॉल्यूम आयसी याहून अचूक असते, अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्या देते. पण नॉब आपोआप फिरताना बघण्याची मजा तिच्यात नाही.

हे काम बिघडतं ते बहुतेक एकाच कारणाने. लोक त्याकडे मोटर आणि रिमोटचा प्रकल्प म्हणून बघतात. प्रत्यक्षात आपण ॲम्पच्या सर्वांत नाजूक जागी हात घालत असतो. इथे सिग्नल लहान असतो आणि पुढे तो कितीतरी पटींनी वाढणार असतो. त्याच्यासोबत जी घाण शिरेल तीही तितकीच वाढेल. म्हणून आधी पॉट नुसता पॉट म्हणून बसवा, मोटरच्या तारा मोकळ्या ठेवा आणि एक-दोन दिवस गाणी ऐका. ते ठीक असेल तर मोटर जोडा. रिमोट सगळ्यात शेवटी. तिन्ही गोष्टी एकदम जोडल्या आणि खरखर आली, तर दोष कुणाचा हे शोधण्यात रविवार जातो.

पॉट घेतानाच होणाऱ्या चुका

पहिली चूक: अंगावर ‘बी’ लिहिलेला पॉट घेणं. ‘बी’ म्हणजे लिनिअर, ‘ए’ म्हणजे लॉग. व्हॉल्यूमला ‘ए’ लागतो. लिनिअर पॉट लावला की पाव वळणातच कानठळ्या बसतात आणि उरलेल्या वळणात काहीच घडत नाही. हातात लिनिअर येऊन पडलाच असेल तर मधल्या पायापासून ग्राउंडला एक रेझिस्टर जोडून काम भागतं: १०० किलोओमच्या पॉटला साधारण १५ किलोओम, दोन्ही चॅनलना सारखा. पण मग पूर्ण आवाजावर आधीच्या यंत्राला १३ किलोओमचा भार दिसतो. डॅक (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ सिग्नल करणारं यंत्र) किंवा सीडी प्लेअरला त्याचं काही वाटत नाही, व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पला वाटू शकतं.

दुसरी चूक नावावर विश्वास ठेवण्याची. जपानच्या आल्प्स कंपनीचा निळा आरके२७ या कामात प्रसिद्ध, त्यामुळे त्याच्या नकलाही भरपूर. लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत साधे पॉट टोपलीभर मिळतात, मोटरवाला हाताळून घ्यायला मिळेलच असं नाही. मग ऑनलाइन मागवणं आलं. असली-नकलीच्या वादात न पडता मल्टिमीटर काढा. पॉट सर्किटबाहेर असताना सात-आठ जागी थांबून ग्राउंडचा पाय आणि मधला पाय यांच्यातला रेझिस्टन्स दोन्ही गँगचा (गँग म्हणजे एकाच दांडीवरचा एकेका चॅनलचा पॉट) मोजा. दहा टक्के फरक म्हणजे साधारण एक डेसिबल, तिथवर चालेल. एकाचा आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असेल तर सहा डेसिबल झाले आणि गायक मधून उठून एका स्पीकरपाशी जाऊन बसतो. नॉबच्या अगदी सुरुवातीला थोडा फरक सगळ्याच पॉटमध्ये असतो. तुम्ही रात्री ज्या आवाजात ऐकता, त्या जागेवरचा आकडा महत्त्वाचा.

किंमत, म्हणजे किती किलोओमचा, हे शक्यतो मूळ पॉटइतकंच ठेवा. ‘जास्त घेतला तर चांगला’ हा समज चुकीचा. पॉट वेगळ्या डब्यात ठेवून पुढे लांब तार न्यायची असेल तर तो अंगाशीच येतो. १०० किलोओमच्या पॉटचा आउटपुट रेझिस्टन्स मधल्या एका जागी २५ किलोओमपर्यंत जातो. शिल्डेड तारेची कपॅसिटन्स मीटरला सुमारे शंभर पिकोफॅरड धरली, तर चार-पाच मीटर तार आणि पुढच्या ॲम्पचं इनपुट मिळून पाचशे झाले. वरच्या सुरांची उतरण पावणेतेरा हजार हर्ट्झच्या आसपास सुरू. झांज-टाळ मंद वाटायला लागतात आणि लोक स्पीकर बदलतात. तिथे १० किलोओमचा पॉट लावला तर तीच उतरण दहापट वर, कानाच्या पलीकडे जाते. मात्र पुढच्या यंत्राच्या इनपुटचे किलोओम पॉटच्या निदान पाच-दहापट हवेत.

आणि खोली मोजा! मोटर आणि गिअर मागच्या बाजूला काही सेंटिमीटर जागा खातात. पॉट आला आणि ट्रान्सफॉर्मर आडवा, हे फार वेळा होतं. पॉट मागे, इनपुट सॉकेटजवळ बसवून लांब दांडीने नॉब पुढे आणणं हा उलट चांगला मार्ग आहे, कारण त्यात सिग्नलच्या तारा आखूड राहतात.

तारा जोडताना

दांडी आपल्याकडे आणि पाय खाली असं धरलं की डावा पाय ग्राउंड, मधला आउटपुट, उजवा इनपुट. आवाज उलटा वाढत असेल तर दोन टोकांची अदलाबदल झाली आहे. नॉब उलटा फिरत असेल, म्हणजे रिमोटवर ‘वाढव’ दाबल्यावर तो कमी होत असेल, तर फक्त मोटरच्या दोन तारा बदला. सिग्नलला हात लावू नका. इनपुट चुकून मधल्या पायाला दिलं असेल तर आवाज कमी-जास्त होईलही, पण शून्यावर नेल्यावर आधीच्या यंत्राचं आउटपुट थेट शॉर्ट होतं.

मधल्या पायापासून ग्राउंडला ४७० किलोओम ते एक मेगओमचा रेझिस्टर कायम ठेवा. पॉटच्या आतला स्पर्श क्षणभर सुटला तर ॲम्पचं इनपुट अधांतरी लोंबकळत नाही आणि स्पीकरला धक्का बसत नाही.

नव्या पॉटला फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारत बसू नका. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून पॉटच्या इनपुटवर आणि मधल्या पायावर मोजा. काही मिलिव्होल्टच्या वर आकडा दिसला तर अलीकडचा किंवा पलीकडचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल जाऊ देणारा, डीसी अडवणारा) गळतो आहे, किंवा मुळात नाहीच. तो बदला, खरखर जाईल. पॉट दहा वेळा बदलूनही ती गेली नसती.

घूं, टुक आणि चिर्रर्र

सर्वाधिक तक्रारी इथल्या, आणि तिन्हींची कारणं वेगळी.

नॉबला हात लावल्यावर घूं आवाज बदलतो: पॉटचं धातूचं अंग चॅसीला टेकलेलं नाही. नट घट्ट असूनही हे होतं, कारण ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवरचा थर वीज वाहू देत नाही. आतल्या बाजूने थोडा थर खरवडा, दात्यांचा वॉशर घाला, किंवा पॉटच्या अंगाला वेगळी तार देऊन ती चॅसीला जोडा.

हात लावो न लावो, घूं आहेच: डाव्या-उजव्या चॅनलची ग्राउंड दोन ठिकाणी एकत्र आली आहेत. इनपुट सॉकेटपाशी एकदा, पॉटवर पुन्हा एकदा, म्हणजे लूप तयार झाला. शिल्डेड तारेची जाळी एकाच टोकाला जोडायची असेल, तर ग्राउंडचा परतीचा मार्ग आतल्या वेगळ्या तारेने जातो आहे ना, हे आधी बघा.

मोटर सुरू होताना टुक आणि चालताना चिर्रर्र: ही मोटरच्या ब्रशची ठिणगी. मोटरच्या दोन टोकांमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर थेट मोटरवरच झाळा, दूर बोर्डवर नाही. मोटरच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून न्या आणि सिग्नलच्या तारांपासून लांब ठेवा. एवढं करूनही आवाज राहिला तर बहुतेक वेळा मोटरचे पाच व्होल्ट ॲम्पच्याच सप्लायमधून घेतलेले असतात. डॅकच्या बोर्डवर पाच व्होल्ट मोकळे दिसले की हात शिवशिवतात. तिथून घेऊच नका.

याची खात्री करायला मोबाईलची पॉवर बँक पुरते. मोटर, ड्रायव्हर आणि रिमोटचा बोर्ड फक्त तिच्यावर चालवा, ॲम्पशी विजेचा कोणताही संबंध न ठेवता. आवाज गेला तर घाण सप्लायमधून येत होती. वेगळा सप्लाय द्या. तरीही आला तर ती तारांच्या जवळिकीतून येते. तारांची वाट बदला. (काही पॉवर बँका इतक्या कमी भाराला आपोआप बंद होतात. त्याला बिघाड समजू नका.) सप्लाय पूर्ण वेगळा असेल तर मोटरच्या सर्किटची ग्राउंड ऑडिओ ग्राउंडला जोडायची गरजच नसते. पुष्कळ जण ‘ग्राउंड ते ग्राउंड’ म्हणून ती जोडतात आणि तिथेच भानगड सुरू होते.

मोटर चालवताना

मोटर थेट आर्डुइनोच्या (रिमोट वाचणाऱ्या, प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या बोर्डच्या) पिनला जोडू नका. त्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर. पॉटची मोटर सुरू होताना त्याहून बरंच जास्त मागते. मध्ये एच-ब्रिज, म्हणजे मोटर दोन्ही दिशांना फिरवणारा ड्रायव्हर हवा, आणि तोही योग्य. शाळा-कॉलेजच्या रोबोटमधला एल२९८एन बोर्ड सगळ्यांकडे पडलेला असतो, पण त्यात दीड-दोन व्होल्ट वाटेतच जातात. पाच व्होल्टच्या मोटरला तीन मिळाले की ती थंडीत अडते, दुपारी चालते. एल९११०एस किंवा डीआरव्ही८८३३ घ्या. डीआरव्ही८८३३चे दोन्ही इनपुट हाय केले की मोटरला ब्रेक लागतो आणि नॉब जागच्या जागी थांबतो. दोन्ही लो केले तर थोडा वाहत जातो.

शेवटाला गेल्यावर मोटर जळेल, या भीतीने काही जण लिमिट स्विच शोधतात. गरज नाही. आत क्लच असतो, तो घसरतो. त्याच्यामुळेच नॉब हातानेही फिरवता येतो. पण क्लच तासन्‌तास घसरण्यासाठी बनवलेला नाही. म्हणून प्रोग्रॅममध्ये सलग पंधरा-वीस सेकंदांनंतर मोटर बंद होईल अशी अट घाला. सोफ्याच्या फटीत अडकून बटण दाबलं गेलेला रिमोट ही काल्पनिक गोष्ट नाही.

नॉब फार वेगाने पळत असेल तर ड्रायव्हरच्या मोटर-सप्लायमध्ये दोन १एन४००७ डायोड मालिकेत घाला. पाचाचे साधारण ३.६ व्होल्ट होतात. पीडब्ल्यूएमने, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून, वेग कमी करण्यापेक्षा हे बरं, कारण पीडब्ल्यूएमची शीळ शांत खोलीत ऐकू येते.

रिमोट ऐकत नाही

आधी मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यात रिमोटचा एलईडी लुकलुकतो का ते बघा. मग रिसीव्हरचे, म्हणजे रिमोटचा संकेत पकडणाऱ्या तीन पायांच्या आयसीचे, पाय तपासा. टीएसओपी१७३८चा क्रम ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. व्हीएस१८३८बी आणि टीएसओपी४८३८चा आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. दिसायला सारखेच, आणि दुकानदार एकाच्या नावाने दुसरा देतात. १७३८ला साडेचार ते साडेपाच व्होल्ट लागतात, त्यामुळे ईएसपी३२ या वायफायवाल्या बोर्डच्या ३.३ व्होल्टवर तो भरवशाचा नाही. तिथे टीएसओपी३८२३८ लावा. शिवाय ईएसपी३२चं वायफाय चालू असेल तर ते झटक्याझटक्याने करंट ओढतं आणि स्पीकरमध्ये टिकटिक येते. नुसत्या रिमोटसाठी वायफाय बंदच ठेवा.

सर्वांत नेहमीचं लक्षण: बटण दाबून धरलं की नॉब जरासा हलतो आणि थांबतो. एनईसी पद्धतीचे रिमोट पूर्ण कोड एकदाच पाठवतात. नंतर दर १०८ मिलिसेकंदांनी फक्त ‘तेच चालू आहे’ असा छोटा संकेत येतो. प्रोग्रॅम तो कचरा समजून टाकून देतो. शेवटचा कोड लक्षात ठेवून त्या संकेतावर मोटर चालू ठेवायची, आणि १५० मिलिसेकंद काहीच आलं नाही तर थांबवायची. ही मुदत शंभराच्या खाली ठेवलीत तर नॉब धक्के खात चालतो. प्रोग्रॅममध्ये डिलेच्या (थांबून राहायला सांगणाऱ्या) ओळी असतील तर काढा. आर्डुइनो उनोवर आयआररिमोट लायब्ररी ‘टायमर २’ वापरते, त्यामुळे ३ आणि ११ नंबरच्या पिनवर पीडब्ल्यूएम चालत नाही, हेही लक्षात असू द्या.

धक्के तरीही येत असतील तर मोटर काढून तिच्या जागी रेझिस्टरसह एक एलईडी लावा. एलईडी न लुकलुकता पेटून राहिला तर प्रोग्रॅम निर्दोष. मोटरची घाण रिसीव्हरच्या सप्लायमध्ये शिरते आहे. रिसीव्हरच्या सप्लायला १०० ओम आणि ४.७ मायक्रोफॅरडची गाळणी लावा, कपॅसिटर अगदी पायांपाशी.

जुन्या सेट-टॉप बॉक्सचा रिमोट वापरणं चांगलं, पण तो बॉक्स घरात अजून चालू नाही ना? नाहीतर चॅनल बदलताना आवाज वाढेल. फिलिप्सच्या आरसी५ पद्धतीचे रिमोट ३६ किलोहर्ट्झवर आणि सोनीचे ४० वर चालतात. ३८ किलोहर्ट्झच्या रिसीव्हरला ते समोरून ऐकू येतात, सोफ्याच्या कोपऱ्यातून नाही.

म्यूटसाठी मोटर शून्यावर नेऊन परत आणायचा मोह टाळा. नॉब कुठे होता हे सर्किटला माहीत नसतं. एक छोटा सिग्नल रिले लावा, त्याच्या कॉइलवर उलटा डायोड घाला.

डबा उघडण्याआधी

प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये वीज राहते. व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये ती तीनशे व्होल्टच्या वर असू शकते. काही किलोओमच्या पाच-दहा वॉटच्या रेझिस्टरने ती उतरवा आणि मोजून खात्री करा. पेचकसाने ठिणगी पाडू नका. वेगळ्या पाच व्होल्टसाठी मोबाईलचा चार्जर फोडून आत कोंबू नका. २३० व्होल्टवरून पाच व्होल्ट देणारा बंदिस्त मॉड्यूल घ्या, त्याला फ्यूज द्या आणि पॉटपासून जितका दूर ठेवता येईल तितका ठेवा. याचा अनुभव नसेल तर हा भाग टेक्निशियनकडून करून घ्या.

काही ॲम्पना हे काम करूच नये. व्हॉल्यूमच्या पॉटला प्रत्येक गँगमागे तीनऐवजी चार पाय दिसले तर तो लाउडनेसचा (कमी आवाजात खर्ज उचलून देणाऱ्या सोयीचा) टॅप आहे. तसा मोटरवाला पॉट मिळणं अवघड आणि साधा लावला तर लाउडनेसचं बटण निकामी होतं. ५.१ होम थिएटरला सहा गँग लागतील, तिथे व्हॉल्यूम आयसीच बरी. आणि मूळ पॉट काढलात तर तारांचे फोटो घेऊन तो पिशवीत नाव घालून ठेवा. ॲम्प विकायचा झाला तर घेणारा तो मागतोच.