टाकीत टीसीएल पडलं, शेवटच्या नळाला पोचलं का?

विहिरीवर किंवा बोअरवर चालणाऱ्या गावच्या नळयोजनेत टीसीएल (पाणी निर्जंतुक करायची ब्लीचिंग) पावडर टाकल्याची नोंद वहीत रोज पडते. खरी तपासणी मात्र टाकीखाली नाही, वाडीच्या शेवटच्या नळावर करायची. तिथे मुक्त क्लोरीन (जंतू मारायला मोकळा शिल्लक उरलेला) लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. साथीचा धोका असेल तर ०.५.

ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. ओल, ऊन आणि उघडं तोंड लागलं की तो उडत जातो. २० टक्क्यांखाली उतरलेली पावडर वापरू नये. वासावरून अंदाज बांधू नका, नमुना प्रयोगशाळेत द्या. साठा झाकणाच्या प्लास्टिक डब्यात, कोरड्या जागी, फळीवर ठेवा.

माप १,००० लिटरला ५ ग्रॅम, तेही वजनकाट्यावर, मुठीने नको. टाकीत प्रत्यक्ष पाणी ५०,००० लिटर असेल तर २५० ग्रॅम. पावडर २५ टक्क्यांची निघाली तर २५० × ३३ ÷ २५, म्हणजे ३३० ग्रॅम. गोल विहिरीसाठी व्यास × व्यास × पाण्याची खोली (मीटरमध्ये) × ७८५ केलं की लिटर मिळतात. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर, पावडर १९० ग्रॅम.

एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका. आधी थोड्या पाण्यात कालवा, मग पाऊण बादली भरून ढवळा आणि दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी तेवढी टाकीत किंवा विहिरीत सोडा, खालचा चुना बाहेर टाका. सगळा गाळ टाकीत ओतायची सवय फार दिसते. त्याने तळाशी चुन्याचा थर बसतो. निवळी मिसळल्यावर एक तास थांबूनच पाणी सोडा.

मग ओटी चाचणी, म्हणजे ऑर्थोटोलिडिन द्रावणाचे थेंब टाकून क्लोरीन मोजणं. नळ दोन मिनिटं वाहू द्या, नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेले थेंब टाका आणि पिवळा रंग लगेच पट्टीशी जुळवा. उशीर केला तर संयुक्त क्लोरीनही (पाण्यातल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला) रंग देतो. पाण्यात लोह किंवा मँगनीज असेल तरी खोटा पिवळा दिसतो. ओटी विषारी आहे: नळी धुतलेलं पाणी पिण्याच्या भांड्यांपासून लांब टाका, हात धुवा.

टाकीखालच्या नळाला रंग चांगला आणि शेवटी शून्य, असं असेल तर लगेच पावडर वाढवू नका. आधी लाइन चाला. पाणी ठरावीक वेळीच सुटत असेल तर बाकी वेळ पाइप रिकामा राहतो आणि फुटक्या जोडातून, व्हॉल्व्हच्या खड्ड्यातून गटाराचं पाणी आत ओढतो. गळती बुजवली की बहुधा त्याच मात्रेत शेवटी रंग येतो. दोन्हीकडे शून्य असेल तर दोष पावडरीत, मापात किंवा गढूळ पाण्यात.

जीवाणू तपासणीची बाटली प्रयोगशाळेचीच, निर्जंतुक आणि सोडियम थायोसल्फेट घातलेली घ्या. ती विसळू नका. साध्या बाटलीत क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जीवाणू) एकही नको.

नायट्रेट (मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम) आणि फ्लोराइड (१, दुसरा स्रोत नसेल तर १.५) टीसीएलने हटत नाहीत, उकळून तर पाणी आटतं आणि दोन्हींचं प्रमाण वाढतं. त्यांची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा, जीवाणूंची पावसाळ्याआधी आणि नंतर.