रत्नागिरीहून एस्वातिनीच्या निवासी शाळेत जाताना
आफ्रिकेच्या दक्षिण भागातील एस्वातिनी (पूर्वीचे स्वाझीलँड) या देशाची राजधानी म्बाबाने. तिच्याजवळची वॉटरफर्ड काम्हलाबा ही शाळा १९६३ साली, शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाला उत्तर म्हणून, सर्व वंशांच्या मुलांसाठी सुरू झाली, हे मुलाला निघण्यापूर्वी अवश्य सांगावे. जुलैत रत्नागिरीत धो धो पाऊस कोसळत असतो तेव्हा तिथे कोरडी थंडी असते. म्हणून लोकरीचे कपडे द्यावेत. तिथले घड्याळ साडेतीन तास मागे असते, त्यामुळे फोनची वेळ आधीच ठरवावी.

तिथल्या आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या) दोन वर्षांतील खरे कसोटीचे काम म्हणजे स्वतः संशोधन करून लिहायचा ४००० शब्दांपर्यंतचा प्रबंध. त्याचा विषय निघण्यापूर्वीच शोधू लागावा. माझ्या मते, रत्नागिरीजवळच्या उक्षी गावच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) जांभ्यात कोरलेल्या हत्तीच्या प्राचीन कातळशिल्पापाशी वही घेऊन बसावे आणि रेषांची मापे, खोली, दिशा स्वतः टिपावी, इतकी चांगली पूर्वतयारी दुसरी नाही.