पाणलोटाचं मॉडेल करताय? निदान या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की कोकणातल्या शाळांतून थर्माकोलचे सह्याद्री उभे राहतात. हिरवे डोंगर, कापसाचे ढग, मधून निळी नदी. दिसतं झकास. पण पाणी ओतू का म्हणून विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नदी आधी रंगवायची आणि डोंगर मागाहून चिकटवायचे. एका प्रदर्शनात चिपळूणवरून पश्चिमेला समुद्राकडे जाणाऱ्या वाशिष्ठी नदीचं भलंमोठं मॉडेल होतं, दाभोळपर्यंतच्या गावांना झेंडे लावलेले. पाणी घालायचं म्हटलं तर गटातली मुलगी म्हणाली, "नको सर, रंग जाईल." तरी तिच्याच मैत्रिणीने बाटली उपडी केली. पाण्याने निळ्या पट्ट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मागे वळलं आणि टेबलाच्या पूर्वेकडच्या कडेवरून खाली. उतारच उलटा! वाशिष्ठी निघाली घाटापलीकडे, पाटणला. बघ्यांतला एक मुलगा म्हणाला, "सर, कोयनेचं पाणी घाटाखाली पोफळीला येतं, मग आपलं तिकडे गेलं तर काय बिघडलं?" त्याला तिथेच शाबासकी दिली. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारं. बोगद्यांतून वळवलं म्हणून ते वीज करून वाशिष्ठीत उतरतं. पाणी वाटणारी रेष घाटमाथ्यावर आहे हे त्या पोराला कळलं होतं, मॉडेलवाल्यांना नाही.

म्हणून निळा रंग शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या पिशवीतच राहतो. मुलांनी मातीचा डोंगर करायचा, पाणी कुठून जाईल ती वाट रांगोळीने आखायची, मग फवारायचं. आखलेली वाट आणि पाण्याची वाट जुळत नाही तेव्हा जो वाद पेटतो, त्यासाठी मी पुढचा तास खुशाल सोडतो.

तांब्याने पाणी ओतू नका. पाऊस तसा पडत नाही, आणि डोंगर वाहून जातो तो वेगळाच.

उंचीचं प्रमाण न लिहिणं हीसुद्धा नेहमीची चूक. १:५०,००० च्या टोपोशीटवरून, म्हणजे उंचीच्या रेषा असलेल्या नकाशावरून, काम करत असाल तर १०० मीटर उंची म्हणजे जेमतेम २ मिलिमीटर. दर १०० मीटरला ६ मिलिमीटरचा एक पुठ्ठा वापरलात तर डोंगर तिप्पट उंच झाले. होऊ द्या, पण कोपऱ्यात तसं लिहा. नाहीतर मुलं सह्याद्रीला हिमालय समजून घरी जातात.

आता माझा खास राग. डोंगरावर ऑइलपेंटचा हात मारून तो 'वॉटरप्रूफ' करणारे. अहो, आपला सडा, म्हणजे डोंगरावरचं उघडं कातळपठार, म्हणजे भोकाभोकांचा जांभा दगड! पावसाचं पाणी त्याच्या भोकांतून आत मुरतं, खालच्या शेडीवर, म्हणजे चिकणमातीच्या थरावर, अडतं आणि जिथे शेडी उघडी पडते तिथे झरा होऊन बाहेर येतं. पाऊस थांबल्यावरही वहाळ वाहता राहतो तो यामुळे. तुमच्या रंगवलेल्या डोंगरावर पाऊस संपला की नदीही संपली.

मी खाली चिकणमाती थोपटतो, उतार खाडीच्या बाजूला ठेवून. तिच्यावर जांभ्याच्या चिरेखाणीतला जाडसर चुरा, चांगला चार बोटं. तो फुकट मिळतो, त्यासाठी दुकानातला किट कशाला? मग फवारायचं आणि थांबायचं. इथेच घाईवाल्यांचं घोडं अडतं. दोन मिनिटांत काही दिसलं नाही की "सर, चालत नाही." थांब रे बाबा! थोड्या वेळाने चुरा आणि माती जिथे भेटतात तिथे आधी ओल धरते, मग थेंब जमतो, मग बारीक धार सुटते. फवारणी थांबवा, धार चालूच. विहीर कुठे खणायची हे मग मुलंच बोट ठेवून दाखवतात.

समुद्र म्हणून निळा कागद चिकटवू नका, ट्रे ठेवा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं ते कसं, हे मुलं विचारतातच. ट्रेमधलं पाणी दोन बोटं वाढवून भरती आणा आणि वरून फवारा. खाडीतलं पाणी कसं तुंबतं ते दिसेल. चिपळूणचं सगळं कारण त्यात येत नाही, हेही सांगा.

ट्रेला भोक आणि खाली बादली, हे मात्र विसरू नका. शाळेच्या शिपाईमामांशी संबंध बिघडले की पुढच्या वर्षी माती वर्गात आणू देत नाहीत.