संध्याकाळ परत मिळवताना

नाशिकला गंगापूर रोडवरील घरातून मी न्यूयॉर्कच्या ग्राहकासाठी सॉफ्टवेअर लिहितो. तेथील सकाळी १० वाजताची रोजची बैठक आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी ७.३० ला आणि नोव्हेंबरमध्ये तेथील घड्याळे एक तास मागे गेली की रात्री ८.३० ला येत असे, त्यामुळे मुलीचे जेवण आणि आईची औषधे या दोन्ही वेळा माझ्या हातून निसटत. रजा घेऊन हे सुटले नाही, कारण अडचण कामाच्या प्रमाणात नसून वेळेत होती.

शेवटी महिनाभराच्या बैठकांची नोंद काढून मी व्यवस्थापकांपुढे ठेवली. बहुतेक दिवशी केवळ कामाची स्थिती सांगितली जात होती, आणि ती लिहूनही कळवता येते. आता मी सहा वाजता झालेले काम, अडलेला मुद्दा आणि हवा असलेला निर्णय लिहून पाठवतो; प्रत्यक्ष बैठक आठवड्यातून दोनदाच होते. शुक्रवारी नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवणे आम्ही बंद केले, आणि शनिवार-रविवार शांत जाण्याचे खरे कारण, माझ्या मते, तेच आहे. तातडीच्या बिघाडासाठी आम्ही चौघे पाळीपाळीने फोन घेतो.

काल सोमेश्वरला गोदावरीकाठी मुलीसोबत तासभर बसलो होतो. फोन घरीच होता.