फवारणी सुरू होण्याआधी

आपल्याकडे कीटकनाशकालाही औषधच म्हणतात. दुकानदार सांगतो, "कपाशीवर हे औषध मारा," आणि गावात अमक्याने "औषध घेतलं" असं कानावर आलं की कोणतं, ते कुणी विचारत नाही. म्हणून विषबाधेला तोंड द्यायची तयारी इथूनच सुरू करावी. पोटात घ्यायचं आणि पिकावर मारायचं, ही दोन औषधं एका फळीवर नकोत. फवारणीच्या बाटल्या शेतातल्या खोलीत, कुलपाच्या पेटीत, किल्ली एकाच माणसाकडे. घरात कुणी खचलेलं असेल तर पेटी घराबाहेरच ठेवा आणि टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फोनमध्ये घालून घ्या. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत काढायची खोड मात्र आजच मोडा.

बाटली आणली त्याच दिवशी लेबलचा फोटो काढा. दोनतीनदा हाताळलं की चिखलाने आणि तेलकट ओघळाने लेबल वाचता येत नाही, आणि कोणतं विष, हाच डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण विष किती जहाल ते सांगतो. कोणतं ते सांगत नाही. त्यासाठी बारीक अक्षरातलं रासायनिक नाव लागतं, उताराही तिथेच छापलेला असतो. दोन औषधं एकत्र केली असतील तर दोन्हींचे फोटो हवेत.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, ती फवारताना झालेल्या विषबाधेने. अंगावर उडालेलं, श्वासातून गेलेलं विषही तितकंच खरं. तोंडाला बांधलेला रुमाल ओला झाला की उलट विषच नाकाशी धरून ठेवतो. हातमोजे, चष्मा, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. शिवाय बांधावर साबण, दोन कॅन पाणी आणि कपड्यांचा एक जादा जोड. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नये, जुना ब्रश ठेवावा.

बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, लाळ आणि घाम थांबेना, छातीत घरघर, दंडाचं मांस आपोआप फडफडतंय, अशी लक्षणं दिसली तर थांबू नका. १०८ लावा. हातमोजे घालून कपडे उतरवा, केसांपासून नखांपर्यंत साबणाने धुवा, पण धुण्यापायी गाडी खोळंबू देऊ नका. शुद्ध हरपत असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. मिठाचं पाणी, शेणाचं पाणी, दूध काही पाजू नका; उलटी फुप्फुसात गेली तर विषाआधी तीच जीव घेते.

दवाखाना आधीच ठरवा. जवळच्या आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिन (अशा विषबाधेवरचं इंजेक्शन) आहे का, व्हेंटिलेटर कुठे, रात्री गाडी कुणाची, हे जुलैतच विचारून ठेवा. पोलीस केस होईल म्हणून लपवू नका. कागदपत्रांसाठी उपचार अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय.

सोबत राहणाऱ्याचीही तयारी लागते. अ‍ॅट्रोपिन छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. ते जास्त चढलं की रोगी बडबडतो, हवेतून काहीतरी वेचू लागतो. नातेवाईक घाबरून मांत्रिकाकडे निघतात! बाहेरचं काही नसतं, नर्सला बोलवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रोगी बोलायला लागला तरी घरी न्यायची घाई करू नका. मानेचा जोर जाणं, उशीवरून डोकं उचलता न येणं ही श्वास थकण्याची खूण असते.

पोरांचं वेगळं. चंद्रज्योतीच्या विषारी बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, शाळेच्या कुंपणालाच असतात. रॉकेल प्यालं असेल तर उलटी काढायची नाही. आणि उंदराच्या पेस्टबाबत एक नीट ध्यानात ठेवा: पिवळ्या फॉस्फरसची असेल तर पोर दोन दिवस हसतं-खेळतं, मग डोळे पिवळे पडतात, तोवर यकृत गेलेलं असतं. म्हणून पोर खेळतंय की मलूल पडलंय हे न बघता पाकिटासकट लगेच मोठ्या दवाखान्यात.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवा: १०८, दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७, गाडीवाल्याचा नंबर आणि प्रत्येक पोराचं वजन. डोस वजनावर ठरतो. दर सहा महिन्यांनी आकडा खोडून नवा लिहा.