गेम परत आले, सेव्ह गेले: पीसी गेम्सच्या बॅकअपमधल्या या चुका टाळा

विंडोज नव्याने टाकायची वेळ आली की बहुतेक जण पहिली धाव स्टीमच्या (गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या अ‍ॅपच्या) फोल्डरकडे घेतात. चारशे-पाचशे जीबी बाहेरच्या हार्ड डिस्कवर चढवतात, सी ड्राइव्ह फॉरमॅट करतात आणि मग कळतं की गेम सगळे आले, पण महिनोन्‌महिने खेळलेल्या गेमचे सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, गेले. गेमच्या फाइल्स खात्यावरून पुन्हा उतरवता येतात. सेव्ह, मॉड (गेममध्ये बाहेरून टाकलेले बदल) आणि कंट्रोलची सेटिंग्ज बऱ्याचदा फक्त तुमच्याच मशीनवर असतात. म्हणून आधी हे काही एमबी सांभाळायचे, जीबींचं नंतर बघायचं.

सेव्ह गेमच्याच फोल्डरमध्ये असतील असं धरून चालणं

सगळ्यात जास्त नुकसान याच चुकीने होतं. विंडोजवर सेव्हची एक ठरलेली जागा नाही. ‘स्टारड्यू व्हॅली’ अ‍ॅपडेटाच्या रोमिंग फोल्डरमध्ये सेव्ह ठेवतो, ‘हॉलो नाइट’ त्यातल्याच लोकल-लो मधल्या टीम चेरी फोल्डरमध्ये, ‘विचर ३’ डॉक्युमेंट्समध्ये आणि ‘सायबरपंक २०७७’ सेव्ह्ड गेम्समध्ये. काही गेम स्टीमच्या यूजरडेटा फोल्डरमध्ये लिहितात. स्टीमचे स्क्रीनशॉटही तिथेच, ७६० नावाच्या फोल्डरमध्ये असतात. अ‍ॅपडेटा लपवलेला असतो, त्यामुळे एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूतून आधी हिडन आयटम्स चालू करा. फॉरमॅट करण्यापूर्वी सी ड्राइव्हच्या यूजर्समधला तुमच्या नावाचा अख्खा फोल्डर उचलणं सर्वात सुरक्षित. नेहमीच्या बॅकअपसाठी लुडुसावी हे मोफत, ओपन सोर्स साधन चांगलं आहे. पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावरच्या माहितीच्या आधारे ते सेव्ह शोधून काढतं.

वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) चालू असेल तर डॉक्युमेंट्स त्याच्या पोटात गेलेलं असू शकतं. फाइलपुढे ढगाचं चिन्ह दिसलं तर ती फाइल डिस्कवर नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, सगळं उतरू द्या, मगच कॉपी करा.

क्लाउड सेव्ह म्हणजेच बॅकअप असं समजणं

स्टीम क्लाउड (सेव्हची प्रत स्टीमच्या सर्व्हरवर ठेवणारी सोय) प्रत्येक गेमला नसतं. गेमच्या स्टोअर पानावर तसं लिहिलेलं असतं. आणि असलं तरी ते मशीनवरच्या फाइल्सचं प्रतिबिंब आहे. सेव्ह खराब झाला तर खराबच वर जातो.

खरा घोटाळा रिस्टोअर करताना होतो. जुने सेव्ह जागेवर ठेवायच्या आधीच गेम उघडला, तर तो कोरा सेव्ह तयार करतो आणि मग कोणता खरा यावर क्लाउडशी भांडण लागतं. त्यामुळे क्रम असा ठेवा: गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जनरलखाली त्या गेमचं क्लाउड बंद करा, जुने सेव्ह जागेवर ठेवा, गेम उघडून सेव्ह लोड होतोय ना ते पाहा, मग क्लाउड चालू करा. स्टीमने विचारलं तर मशीनवरची प्रत निवडा. त्याआधी त्या सेव्ह फोल्डरची आणखी एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा, कारण चुकीचं बटण दाबलं तर ते मागे घेता येत नाही.

‘एल्डन रिंग’सारख्या गेममध्ये सेव्ह स्टीम खात्याला बांधलेला असतो आणि १७ आकडी फोल्डरमध्ये असतो. त्या फोल्डरचं नाव बदलू नका. दुसऱ्या खात्यावर तो सेव्ह नुसता कॉपी करून चालत नाही.

फक्त कॉमन फोल्डर उचलणं

स्टीममध्ये गेम स्टीमअ‍ॅप्सच्या आतल्या कॉमन फोल्डरमध्ये असतो, पण तो इन्स्टॉल आहे हे स्टीमला कळतं ते बाहेरच्या अ‍ॅपमॅनिफेस्ट फाइलवरून. प्रत्येक गेमची एक, शेवटी एसीएफ असलेली. ती राहून गेली की लायब्ररीत गेमसमोर ‘इन्स्टॉल’चं बटण दिसतं आणि लोक घाबरून १०० जीबी पुन्हा उतरवायला बसतात. त्याची गरज नाही. गेमचा फोल्डर त्याच नावाने नव्या कॉमनमध्ये ठेवा, इन्स्टॉल दाबा आणि तोच ड्राइव्ह निवडा. स्टीम आधी असलेल्या फाइल्स तपासतं आणि कमी असेल तेवढंच उतरवतं. फोल्डरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी मात्र सगळं डाउनलोड पहिल्यापासून.

कॉपी करण्यापूर्वी स्टीम पूर्ण बंद करा. खिडकी बंद केल्याने ते बंद होत नाही, घड्याळाजवळच्या चिन्हावरून एक्झिट करावं लागतं. वर्कशॉपचे (स्टीमच्या मॉड विभागातले) मॉड स्टीमअ‍ॅप्समधल्या वर्कशॉप फोल्डरमध्ये असतात, म्हणून अख्खा स्टीमअ‍ॅप्सच उचललेला बरा.

रिस्टोअरनंतर फाइल्सची तपासणी करताना एक भान ठेवा: ‘व्हेरिफाय’ बदललेल्या मूळ फाइल्स पुन्हा मूळ रूपात आणतं. मूळ फाइल बदलून टाकलेले मॉड त्यात पुसले जातात. मॉड वेगळे साठवा, आधी व्हेरिफाय करा, मग मॉड टाका.

स्टीमची स्वतःची बॅकअप सोय चालते, पण त्यानंतर गेमला मोठं अपडेट आलं असेल तर रिस्टोअर करूनही बरंच डाउनलोड होतं. साधी कॉपी जास्त सुटसुटीत.

एपिक आणि जीओजी

एपिक आणि जीओजी ही स्टीमसारखीच गेमची दुकानं. एपिकमध्ये फोल्डर नुसता ठेवून भागत नाही. आधी इन्स्टॉल सुरू करा, दोन-तीन टक्के झालं की थांबवा, लाँचर बंद करा, जुन्या फाइल्स नव्या फोल्डरवर कॉपी करा आणि लाँचर उघडून पुढे चालू करा. तो असलेल्या फाइल्स तपासून घेतो.

जीओजीवर जतन करायचा तो ऑफलाइन इन्स्टॉलर. गॅलक्सीने (जीओजीच्या लाँचरने) इन्स्टॉल केलेला फोल्डर म्हणजे इन्स्टॉलर नव्हे. मोठ्या गेमच्या सेटअप फाइलसोबत अनेक ‘बिन’ तुकडे येतात. ते सगळे एकाच फोल्डरमध्ये हवेत, एक जरी राहिला तरी इन्स्टॉल अर्ध्यात अडतं. डीएलसीचे (गेमच्या जादा भागांचे) इन्स्टॉलर वेगळे उतरवावे लागतात, आणि हेच हमखास विसरतं.

डिस्क आणि कॉपीची आज्ञा

फॅट-३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट करा. यूएसबी २.० वर ५०० जीबी चढवायला साधारण चार तास लागतात, ३.० वर चांगली हार्ड डिस्क हे काम दीड तासात उरकते. म्हणून केबल कुठल्या पोर्टला लावलीय ते बघा.

रोबोकॉपी (विंडोजची कॉपीची आज्ञा) वापरत असाल तर ‘एमआयआर’ पर्याय टाळा. मूळ जागी नसलेलं सगळं तो बॅकअपमधूनही पुसतो. दोन्ही जागा उलटसुलट लिहिल्या तर संग्रहावर पाणी. ‘ई’ पर्याय पुरेसा आहे. सोबत ‘आर:२’ आणि ‘डब्ल्यू:५’ द्या, नाहीतर अडलेल्या एका फाइलवर तो ३० सेकंदांच्या अंतराने १० लाख वेळा प्रयत्न करत बसतो.

खातंच हातातून जाणं

स्टीमच्या फाइल्स डिस्कवर असल्या तरी बहुतेक गेम खात्याशिवाय उघडत नाहीत. स्टीम गार्डचा (फोनवरून लॉगिन पडताळणाऱ्या सोयीचा) रिकव्हरी कोड (आर अक्षराने सुरू होणारा) कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला की तोच कामी येतो. जुन्या मशीनवर परत जायचा बेत असेल तर हेही लक्षात घ्या की १ जानेवारी २०२४ पासून स्टीमने विंडोज ७ आणि ८ चा आधार काढून घेतला आहे.

सर्व्हरवरच चालणाऱ्या गेमच्या फाइल्स साठवण्यात मात्र जागा घालवू नका. ‘द क्रू’ या ऑनलाइन रेसिंग गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाल्यावर डिस्कवरच्या फाइल्स असून नसून सारख्याच झाल्या. ती जागा जीओजीच्या इन्स्टॉलरना द्या.